नातं चालू असल्याचा पुरावा

५ मार्च, गुरुवार

आबांनी अंगणात चार फेऱ्या मारल्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय अजून फरफटतो, पण काठी न टेकता विहिरीपर्यंत गेले. बी.पी. १३४/८४. मेधाला कळवलं. तिचा अंगठा आला.

कारखान्यात आज तपासणीत झाकणांच्या दोन पेट्या परत पाठवल्या. आटा नीट बसत नव्हता. साहेब म्हणाले, "सुहास, केसाएवढा फरक आहे रे." केसाएवढा म्हणजे आहेच ना. फ्रान्सिस शेजारच्या टेबलावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा मालही जाऊ देत नाही, आणि स्वतःही जात नाही." हसले सगळे. मीही.

मेधा आणि सई इंग्लंडला गेल्याला जूनमध्ये तीन वर्षं होतील.

८ मार्च, रविवार

दीडचा नेहमीचा फोन. मेधा (मे.) दमलेली दिसली. वृद्धाश्रमातल्या रात्रपाळीवरून आली होती. सई मागे केस विंचरत होती, नुसता हात हलवला.

मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, "पगार अजून अटीत बसत नाही रे. त्यांनी मध्येच अट वाढवली ना. उन्हाळ्यानंतर बघू." मी "ठीक" म्हणालो. नंतर वाटलं, "ठीक" फार लवकर म्हणालो. तिला आपण नको आहोत असं वाटलं असेल का?

आबांना बोंबील हवे होते. केले. खारट झाले.

११ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत फ्रान्सिसला पुन्हा एकदा सगळं समजावलं. तो दर दोन महिन्यांनी नव्याने विचारतो, मी दर वेळी नव्याने सांगतो. आबा आठ वर्षं इंग्लंडात लोखंडाच्या ओतशाळेत कामाला होते, तेव्हा मे. तिथे जन्मली, म्हणून ती तिकडची नागरिक. सई आईमुळे तिकडची. मी लांज्याचा, म्हणून त्यांच्या कागदात मी परदेशी जोडीदार. बायको म्हणते म्हणून जाता येत नाही. तिने तिथे ठरलेला पगार सलग सहा महिने दाखवायचा, मग मी अर्ज करायचा.

"म्हणजे बायको इंग्लंडची, पोरगी इंग्लंडची, सासरा उमेळ्याचा. आणि तू कुणाचा रे बाबा?"

"मी क्वालिटीचा."

त्याचा ईस्टरआधीचा उपासकाळ चालू आहे, डब्यात नुसती वांगी. माझ्या डब्यातल्या बोंबलाकडे बघत होता. खारट आहेत सांगितलं, तरी बघत होता.

१४ मार्च, शनिवार

सईचा मेसेज, पाठोपाठ अकरा फायली. "बाबा, हे सगळं सरळ करून एका पीडीएफमध्ये दे ना. तुला जमतं. कॉलेजच्या कर्जासाठी आहे. आईला सांगू नको प्लीज, ती म्हणाली होती स्वतः कर."

केलं. दोन पानं उलटी होती, एकाची कड कापली गेली होती. सातवं पान मे.च्या नोकरीचं पत्र. आठवं तिच्या वर्षाच्या पगाराचा दाखला.

पत्रात लिहिलंय: शिफ्टची प्रमुख म्हणून नेमणूक, गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून. पुढे पगार.

चौदा महिने.

मी ते पान तीनदा मोठं करून बघितलं. मग बाकीची पानं जोडली, क्रमांक घातले, सईला पाठवली. "लव्ह यू बाबा, तू बेस्ट आहेस."

मी तिचा कागद वाचला, हे चुकलं का? तो माझ्याकडे जोडायला आला होता, वाचायला नाही. पण न वाचता उलटा-सुलटा कसा कळणार. हे समर्थन आहे, मला माहीत आहे.

१५ मार्च, रविवार

सकाळी त्यांच्या सरकारचं पान पुन्हा वाचलं. पगाराची अट, सहा महिन्यांची अट, कोणते भत्ते धरतात, कोणते धरत नाहीत. माझीच चूक असावी असं फार वाटत होतं. ओव्हरटाइम वगळून पाहिला. तरी बसतं. केसाएवढं नाही, चांगलं बोटभर वर बसतं.

म्हणजे गेल्या जुलैतच अर्ज करता आला असता. तिच्या नेमणुकीपासून दोनदा मी छातीचा एक्स-रे आणि टीबीचं सर्टिफिकेट काढून ठेवलं, अचानक बोलावणं आलं तर तयारी असावी म्हणून. दोन्ही सहा-सहा महिन्यांनी बाद झाली. मे.ला माहीत होतं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली होती, "किती रे तू तयारीचा."

दीडला फोन. विचारलं नाही. आबा समोर होते. हे कारण खरं नाही, आबा नसते तरी विचारलं नसतं. ती काहीतरी सांगेल आणि ते मला पटेल, याची भीती वाटली.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली. आबांनी खुर्चीवर बसून सूचना दिल्या. "कडुलिंब जरा वर. आणखी. जावईबापू, तुमच्या कोकणात गुढी वाकडी असते काय?" चाफ्याची फुलं वाडीतलीच. शेजारच्या वाडीतलं बावखल, ते जुनं तळं, मातीने भरताहेत, सकाळपासून डंपरची धूळ. दरवर्षी त्या पाण्यावर ऊन चमकायचं आणि आमच्या पडवीच्या छपरात हलायचं. यंदा छप्पर स्थिर.

मे.ने सणाचा म्हणून जास्तीचा फोन केला. मी तो आबांसमोर तांब्याला टेकवून ठेवला. मी आत श्रीखंड वाढत होतो. बापलेक त्यांच्या घरच्या बोलीत बोलायला लागले. नेहमीच बोलतात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यांना वाटतं मला त्यातलं अर्धंमुर्धं कळतं. मला सगळं कळतं. कधी सांगायची वेळ आली नाही, आणि खरं म्हणजे त्यांची तेवढी जागा त्यांना असावी असं वाटायचं.

त्यांचे शब्द मला लिहिता येणार नाहीत, माझ्या मराठीत लिहितो.

आबा म्हणाले, मी तुला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, मी वर्षभराचाच सोबती आहे. आणखी किती थांबवशील त्याला?

मे. म्हणाली, तो इथे आला तर तुम्हाला कोण बघणार? बाई ठेवू? मी इथे रोज बघते, पगारी माणसं कशी बघतात ते.

आबांची काठी फरशीवर वाजली.

मे.: तुम्हीच रडला होतात फोनवर.

आबा: रडलो होतो.

मे.: आणि तो विचारत तरी कुठे आहे. विचारेल तेव्हा बघू.

मी वाट्या घेऊन बाहेर आलो. "काय म्हणते मेधा?" आबा म्हणाले, "काय नाय. तिकडे श्रीखंड बरं मिळत नाय म्हणते."

मी म्हणालो, "चक्का टांगायला वेळ नसेल."

२० मार्च, शुक्रवार

सकाळी आबांची दाढी. दर दोन दिवसांनी मीच करतो, त्यांचा डावा हात गाल ताणून धरू शकत नाही. गळ्याखालची कातडी मी चिमटीत धरतो, वस्तरा खालून वर.

"आज हात जड आहे तुझा."

"पातं जुनं झालंय."

त्यांनी डोळे मिटून घेतले. एरवी मिटत नाहीत, समोरच्या केळीवर कुठला पक्षी आला ते सांगत बसतात. त्यांना कळलंय का?

बी.पी. १४२/९०. मे.ला कळवली. तिचं लगेच: "का वाढलं? मीठ?" मी लिहिलं, "श्रीखंड." श्रीखंडाने बी.पी. वाढत नाही. मीही खोटं लिहिलं, आणि विनाकारण.

२२ मार्च, रविवार

जुन्या वह्या काढल्या. गेल्या वर्षीची आणि त्याआधीच्या दोन.

गेल्या वर्षी १७ ऑगस्ट: "मे. म्हणाली पगार थोडक्यात राहतोय." १२ ऑक्टोबर: "मे. म्हणाली दिवाळीनंतर वाढ होईल, मग नक्की." यंदाच्या वहीत ४ जानेवारी: "मे. रडली. म्हणाली तुझ्याशिवाय इथलं घर घर वाटत नाही. पगार मात्र."

तेव्हाही मी वाक्य अर्धंच सोडलंय. "पगार मात्र." पुढे काय लिहायचं होतं कोण जाणे.

मग तीन वर्षांपूर्वीची वही, त्यांच्या विमानाच्या आदल्या दिवसाची नोंद. "मे. आबांना सोडून जायला तयार होईना. मी सांगितलं, आबांची काळजी नको, मी आहे. तेव्हा कुठे बॅग भरली." हे मीच म्हणालोय. माझंच अक्षर.

आणखी एक, ती गेल्यावर पंधरा दिवसांनी: "घर शांत. वाईट वाटतं, आणि थोडं बरंही वाटतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिथे जाऊन कुठल्या गोदामात खोकी उचलणार आहे मी?" हे साफ विसरलो होतो. पुसायचीही इच्छा झाली. नाही पुसलं.

बायकोविरुद्ध स्वतःच्या वह्या साक्षीला काढल्या, तर निम्म्या साक्षी माझ्याच विरुद्ध. तरी फरक आहे. मी जे म्हणालो ते तिला माहीत होतं. ती जे करत होती ते मला माहीत नव्हतं.

२९ मार्च, रविवार

विचारलं.

आबांना झोप लागल्यावर बावखलाच्या बाजूला गेलो, म्हणजे आता भरावाच्या बाजूला, आणि मीच फोन लावला. आधी सांगितलं, सईचे कागद मी जोडले. सईला दिलेला शब्द तिथे मोडला.

"तू माझे कागद तपासलेस?"

"तपासले."

"माल तपासतोस तसे?"

"तसेच."

मागे किटलीचा आवाज. मग, "आटा बसत नाही म्हणून परत पाठवणार का मला?"

मग ती भडाभडा बोलली. तिथे रोज अकरा म्हाताऱ्यांना उठवते, धुते, भरवते. त्यांची मुलं पाव तासावर राहतात आणि नाताळला कार्ड पाठवतात. एक बाई मे.लाच मुलगी समजते आणि तिच्या हातूनच औषध घेते. "आणि माझा बाप मी कुणाच्या हाती देऊ? एकाच माणसावर विश्वास आहे माझा. तेवढ्यावर झोप लागते मला."

"मग हे मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर थांबला असतास?"

"विचारलं असतंस तर थांबलो असतो."

ती म्हणाली, "सोपं आहे आता म्हणणं."

घरी येऊन हे लिहितोय. थांबलो असतो? फोनवर वाक्य फार स्वच्छ आलं तोंडातून. इथे लिहिताना तेवढी खात्री नाही. पण न विचारता मला थांबवलं, याची खात्री आहे.

३० मार्च, सोमवार

बी.पी. घेतली, १३६/८६. पाठवावी की नाही यावर दहा मिनिटं घालवली. पाठवली. या सगळ्यात आकड्यांचा काय दोष.

सईचा मेसेज, "तू प्रॉमिस केलं होतंस बाबा." मी "हो" एवढंच लिहिलं. दुसरं काय लिहिणार.

४ एप्रिल, शनिवार

मे.ने लिहून पाठवलं: "तू अर्ज कर. माझ्याकडचे सगळे कागद आज टाकते. आबांसाठी बाई शोध. मला आणखी बोलायचं नाही."

कागद आले, सगळे सरळ, क्रमाने, एका पीडीएफमध्ये. माझ्या पद्धतीने. कुठून शिकली.

फ्रान्सिसला सांगितलं. तो आधी उडाला. "अरे गोऱ्या! पार्टी!" मग चौदा महिन्यांचं सांगितलं. तो हातातल्या झाकणाचा आटा उघडत, लावत राहिला. म्हणाला, "माझ्या बायकोने असं केलं असतं तर मी बोंब मारली असती गावभर. तू काय केलंस?"

"बी.पी. घेतली."

"तुझी?"

"सासऱ्याची."

"तू म्हणजे ना." सुट्टीत त्याने ईस्टरसाठी घरी केलेल्या गोडातलं थोडं कागदात बांधून दिलं. "म्हाताऱ्याला दे. त्याला सांग मी दिलं, तू नाही."

११ एप्रिल, शनिवार

वसई रोडला स्टेशनसमोर दुसऱ्या मजल्यावर व्हिसाचं काम करणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. तिशीच्या आत. भराभर बोलतात.

"सर, सॅलरी झाली, मॅरेज सर्टिफिकेट झालं. आता मेन म्हणजे नातं जेन्युइन आहे आणि चालू आहे हे दिसलं पाहिजे. तीन वर्षं तुम्ही वेगळे राहताय ना, मग ऑफिसर तेच बघणार. फोटो द्या, कॉल्सचे रेकॉर्ड द्या, चॅट्स द्या. दर महिन्याची दोन-तीन पानं. आणि घरच्या कुणा मोठ्या माणसाचं पत्र, की हे नवरा-बायको आहेत, संपर्कात आहेत, एकत्र राहणार आहेत."

मी विचारलं, "या तीन वर्षांत आम्ही भेटलोच नाही. चालेल?"

"कारण लिहायचं. म्हाताऱ्या वडिलांची सेवा. हे तर उलट चांगलं दिसतं, सर."

कागदावर खरंच चांगलं दिसेल.

१२ एप्रिल, रविवार

आज दिवसभर चॅट काढली. एकशे बारा पानं.

"बी.पी.?" "१३०/८०." "गोळी?" "दिली." "जेवले?" "हो." "पाय?" "बरा." अंगठा. अंगठा. "डॉक्टर काय म्हणाले?" "डोस तोच." अंगठा.

सईच्या वाढदिवसाला एक केकचा फोटो. माझ्या वाढदिवसाला फुलांचं चित्र आणि त्याखाली, "आबांची रक्ततपासणी राहिलीय ना?"

रात्रपाळीच्या नर्सने दिवसपाळीच्या नर्ससाठी ठेवलेली वही आहे ही. मीही काही वेगळं लिहिलेलं नाही. "तुझी आठवण येते" असं माझ्याकडून कुठे आहे का म्हणून शोधलं. एकदा आहे, पहिल्या वर्षी. त्यावर तिने बदाम पाठवलाय आणि लगेच पुढे विचारलंय, "मोटर दुरुस्त झाली का विहिरीची?"

बाईंना पाच-सहा पानं निवडून पाठवली. त्यांचं उत्तर, "सर, यात हजबंड-वाइफ टाइप काही नाही का? मॅडमना पण सांगा ना."

मे.ला तेच वाक्य पुढे पाठवलं. माझं काही न घालता.

१६ एप्रिल, गुरुवार

दुपारी कारखान्यात असताना मे.चा मेसेज.

"जेवलास का?"

तीन वर्षांत पहिल्यांदा. एकशे बारा पानांत कुठेही नाही, मी आता पाठ म्हणू शकतो.

हे मला विचारलंय की अधिकाऱ्याला? दोन्ही असू शकेल का? काय उत्तर द्यावं? आणि मी जे लिहीन ते तरी कुणासाठी असेल?

"हो" लिहिलं. जेवलो होतो, ते खरं आहे.

संध्याकाळी आणखी एक. "आज इथे ऊन पडलं. तू असतास तर फिरायला गेलो असतो." वाक्य सुंदर आहे. पंधरा दिवसांपूर्वी आलं असतं तर मी रडलो असतो.

१९ एप्रिल, रविवार

राजेळी केळी सोलून सुकेळ्यांसाठी उन्हात टाकली. आबा बसून, मी उभा. दर वर्षी आबाच उलटतात, एका हाताने का होईना. एकही केळं तुटत नाही त्यांच्या हातून. माझी दोन तुटली.

एकाएकी म्हणाले, "बाई केव्हापासून येणार?"

मे.ने सांगितलं असणार. "येत्या रविवारी बघून जाईल. कमलमावशी म्हणून आहेत, गोखिवऱ्याच्या."

"हं."

मग केळी उलटता उलटता सांगितलं. मला ठाऊक असलेलंच, पण शेवट नवा. आठ वर्षांनी त्यांच्या वडिलांचं पत्र गेलं, वाडीला माणूस नाही, ये. आबा बायको आणि पाच वर्षांच्या मेधाला घेऊन परत आले. "आलो तर बापाला काय झालं नव्हतं. ठणठणीत. आणखी बावीस वर्षं जगला. मला एकदा पण सांगितलं नाही की पोरा, खोटं लिहिलं होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "मी मनात म्हटलं होतं, आपण असं करायचं नाय."

मी काही म्हणावं म्हणून थांबले असतील. मी तुटलेली दोन केळी बाजूला ठेवली. माफ करायचं होतं का? त्यांनी माफी मागितली नाही. आणि मागितली असती तर माझ्याकडे तयार होती असंही नाही.

२६ एप्रिल, रविवार

कमलमावशी आल्या. कामाच्या आहेत, हात स्वच्छ, बोलणं कमी. आबांना उठवायला गेल्या तर आबा म्हणाले, "मला येतं." उठले आणि पडवीत बसले ते दोन तास हलले नाहीत. लघवीलाही गेले नाहीत. मावशी गेल्यावर मला हाक मारली.

मी नेलं. वाटेत म्हणाले, "पुढच्या वेळी जाईन तिच्याबरोबर. आज लाज वाटली."

राग येण्यासाठी समोर माणूस धड उभा राहायला लागतो. यांना तर मीच धरून उभं करतो.

३ मे, रविवार

अर्ज जवळजवळ भरून झालाय. अकरा तारखेला, सोमवारी, मुंबईत बोटांचे ठसे. त्याआधी सगळे कागद चढवायचे. मे.चे रोजचे मेसेज चालूच. "चहा घेतला का?" "स्वप्नात लांज्याचं घर आलं." ती लांज्याला दोनदाच आलीय. पण दुसऱ्या वेळी विहिरीवर पाय घसरून पडली होती आणि आम्ही दोघं खूप हसलो होतो. ते घर येऊही शकेल स्वप्नात. मला आता तिची स्वप्नंसुद्धा तपासावी लागताहेत. हे माझं काम नव्हतं.

आबांचं पत्र राहिलंय. त्यांनी वही मागून घेतली. मी सांगत होतो काय लिहायचं ते. म्हणाले, "मला लिहिता येतं."

६ मे, बुधवार

पत्र दिलं. दीड पान, मराठीत, उजव्या हाताचं पण थरथरलेलं अक्षर. त्यातला मधला भाग उतरवून ठेवतो:

"माझी मुलगी व जावई यांचा संसार एकोणीस वर्षांचा आहे व तो खरा आहे. मी आजारी पडल्यावर मुलीला फोनवर सांगितले की मी असेपर्यंत जावयांना नेऊ नकोस. म्हणून तिने अर्ज थांबवला व त्यांच्याशी खोटे बोलली. दोष माझा आहे. जावयांनी मला मुलाप्रमाणे सांभाळले. त्यांना हे ठाऊक नव्हते."

खाली सही, तारीख, आणि पूर्वी इंग्लंडात राहत होते तिथला घरक्रमांकसुद्धा.

भाषांतरासाठी बाईंना पाठवलं. तासाभरात त्यांचा फोन. "सर, ती मधली ओळ नको. वाइफ खोटं बोलली असं कोण लिहितं? ऑफिसर म्हणेल नातं बिघडलंय. आजोबांकडून पुन्हा लिहून घ्या ना, छोटंसं, सिंपल."

संध्याकाळी आबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे खरं लिहिलं तर तू जायचा नाहीस."

"तसं म्हणाल्या बाई."

"दुसरं नाय लिहिणार मी. आता हात चालत नाय." हात चालतो. सकाळीच दीड पान लिहिलं होतं. "तुला नको असेल ती ओळ तर तू काट. पेन तुझ्याकडे आहे."

कुणाच्या सहीच्या वर आपण काटायचं? एवढ्या वर्षांत कारखान्याच्या एकाही सर्टिफिकेटवर मी खाडाखोड होऊ दिलेली नाही. दुसरा मार्ग, पत्रच जोडायचं नाही. ते सक्तीचं नाही, मी पाहिलं. म्हणजे या घरात पहिल्यांदा कुणीतरी खरं लिहून दिलं, आणि ते ड्रॉवरमध्ये.

१० मे, रविवार

सकाळपासून कागद चढवतोय. अकरा चढले. बारावा आबांचं पत्र, समोर ठेवलंय. काटलेलं नाही. चढवलेलंही नाही. शेवटच्या पानावर एक चौकोन आहे: माझा माझ्या जोडीदारासोबत कायम राहण्याचा इरादा आहे. त्यात खूण केल्याशिवाय पुढे जात नाही. बाकीचे प्रश्न काय होतं ते विचारतात. हा काय असेल ते विचारतो.

एकदा खूण केली. मग काढली. खोटी म्हणून नव्हे. खरी की नाही ते तपासायला काही हाताशी नव्हतं म्हणून.

एक वाजता मे.चा मेसेज, "जेवलास का?" आज जेवलो नाही. तेच लिहिलं: "नाही." बराच वेळ ती लिहितेय असं दिसत होतं. मग दिसायचं थांबलं. काही आलं नाही. तीन वर्षांतलं हे सगळ्यात खरं बोलणं असेल, आणि पुराव्यात धरता येणार नाही.

एक पंचवीस. आता दीडचा फोन येईल. बी.पी. घ्यायची राहिलीय.

इथून पडवी दिसते. आबांनी तांब्या पुसून जागेवर ठेवलाय. त्यांची खुर्ची ओढली. मग परत आत गेले, पाय फरफटत, आणि एका हाताने दुसरी खुर्ची बाहेर आणली. ती शेजारी लावली. आजवर त्या फोनसमोर एकच खुर्ची असायची.

आत्ता त्यांनी मला हाक मारली. नेहमीची नाही. त्यांच्या घरच्या बोलीत, मेधाला मारतात तशी. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हणजे त्यांना माहीत होतं की मला कळतं. केव्हापासून? पाडव्याला माहीत होतं? तेव्हा ते कुणाला ऐकवत होते?

"आलो," म्हणालो. माझ्या मराठीत. अजून उठलेलो नाही.